पोट दिसण्याआधीचे बारा आठवडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

तुमचे मुद्दे आधी मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पहिल्या तीन महिन्यांवर एवढं बारकाईने लिहून मी नवख्या मुलींना घाबरवते, असं तुमचं म्हणणं. गरोदरपण म्हणजे आजारपण नाही. तीन महिने बातमी बाहेर काढू नये, हा रिवाज शहाणपणाचा आहे. आणि तुमची सून ऑफिसातून आली की दिवेलागणीलाच आडवी होते, तिला माझा लेख म्हणजे आयतं निमित्त.

आजारपण नाही, हे मलाही मान्य आहे. पण सुनेच्या झोपेबद्दल तुमचं मत बदलावं असं फार वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तिला सातवा आठवडा आहे. गर्भाशय शांत राहावं, गर्भ टिकावा म्हणून या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन खूप वाढतं. त्यानेच डोळ्यांवर झापड येते, आतडी मंदावतात, पोट गच्च होतं. हृदय आधीपेक्षा जास्त रक्त फिरवायला लागलेलं असतं. मूत्रपिंडांचं रक्त गाळायचं काम तर तिसरा महिना संपेपर्यंत जवळजवळ दीडपट होतं, म्हणून सारखं लघवीला जावं लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही, कपडे तेच बसतात. अशा अंगाने ती सिंहगड रोडवरून हिंजवडी गाठते, वाकडच्या गर्दीत अडकते, दिवसभर काम करून परत येते. तिला झोपू द्या काकू. तुमच्या वेळीही शरीरात हेच घडत होतं. तुम्हाला कोणी झोपू दिलं नसेल, याचं मला वाईट वाटतं.

मळमळीला तुम्ही 'मनाचे खेळ' म्हणालात, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागचं एक मोठं कारण पुढे आलं : जीडीएफ१५ नावाचं हार्मोन. गर्भ आणि वार यांच्याकडून ते आईच्या रक्तात येतं. दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते आणि तिला त्रास जास्त होतो. एकीला फोडणीचा वास सोसत नाही आणि तिचीच जाऊ खुशाल मिसळ खाते, यात कोणाच्या मनाचा कणखरपणा मोजू नये.

'डॉक्टर सात आठवडे म्हणतात आणि तू गर्भ पाच आठवड्यांचा म्हणतेस,' हा तुमचा आक्षेप. दोन्ही बरोबर आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. मोजणीतला हा फरक कळला नाही की घरात उगाच संशय आणि वाद होतात. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, तर बऱ्याचदा तारखेचाच घोळ असतो आणि डॉक्टर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात.

ज्यासाठी मी तो लेख लिहिला, ते आता सांगते. गर्भ राहिल्यापासून साधारण २२व्या दिवशी हृदयाची नळी धडधडू लागते. २८व्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी मिटते. हिशेब करून बघा : २८वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तेव्हा कित्येकींनी घरी तपासणीही केलेली नसते. ही नळी नीट मिटली नाही तर बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मभराचं व्यंग राहू शकतं. फॉलिक अॅसिडने हा धोका पुष्कळ कमी होतो. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, ज्यांच्या आधीच्या बाळाला हा दोष होता अशा बायकांना ते मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इतरांसाठी रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते, पण ती दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून हवी. (आधीच्या बाळाला दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनाच विचारा.) तीन महिने कोणी काही बोलायचंच नाही म्हटलं, तर हे मुलींना सांगायचं कधी?

गुप्ततेचा रिवाज ज्या भीतीतून आला, ती खरी आहे. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी १० ते २० टक्के टिकत नाहीत आणि त्यातली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास कारण गुणसूत्रांतला दोष असतो. जिने चढले म्हणून, बसचे धक्के बसले म्हणून गर्भ पडला, असं आपण बाईला ऐकवतो आणि ती ते मनाला लावून घेते. कोणाला सांगायचं हे तिनेच ठरवावं. पण तिला माहीत असू द्या की कायद्यातच गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ऑफिसात कुणाला कळूच द्यायचं नाही, म्हणून ती न घेता बायका तिसऱ्या दिवशी कामावर जातात. तेवढ्यासाठी तरी एखाद्या वरिष्ठाच्या कानावर घातलेलं बरं.

सुनेसाठी शेवटचं. रक्तस्राव झाला, ओटीपोटात किंवा एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर येऊन पडली, किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या आणि तुम्ही स्वतः सोबत जा.