‘विविधतेचं नाव काढलंत की खटला’: कायदा असं म्हणत नाही

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक दावा फिरतोय: ‘को-हाउसिंग वसाहतीत सगळ्या वंशांचे लोक यावेत म्हणून काहीही केलं की फेअर हाउसिंग कायदा मोडतो. घरं विकायला काढा, येतील ते येतील.’ को-हाउसिंग म्हणजे काही कुटुंबांनी मिळून आखलेली वसाहत: घरं आपापली, स्वयंपाकघर आणि अंगण सामाईक. हे वाचून अशी वसाहत उभारू पाहणारे चांगले गट हातपाय गाळतात, म्हणून लिहितोय.

‘प्रयत्नच बेकायदा.’ नाही. 1968चा कायदा वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश बघून घर नाकारू देत नाही. लिंग 1974 साली आलं. अपंगत्व आणि मुलं असलेली कुटुंबं 1988 साली. मनाई नाकारायला आहे, बोलावायला नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या स्टारेट सिटी या भाड्याच्या घरांच्या मोठ्या वसाहतीत वंशांचं प्रमाण टिकावं म्हणून कोटा होता, त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबं प्रतीक्षायादीत जास्त काळ ताटकळायची. हेतू मिश्र वस्ती राखण्याचा होता, तरी 1988 साली कोर्टाने कोटा बेकायदा ठरवला. उलट शिकागोच्या दक्षिण उपनगरांत एका संस्थेने काही घरांची माहिती मुद्दाम गोऱ्या लोकांपर्यंतही पोचवली, कारण एरवी ते तिकडे फिरकत नव्हते. घर कुणालाही घेता येत होतं. 1991 साली कोर्टाने हे कायद्यात बसतं असं सांगितलं. कोटा आणि निमंत्रण या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत.

‘मग जाहिरातीत लिहायचं काय?’ घराबद्दल लिहा, माणसांबद्दल नको. ‘तरुण कुटुंबांसाठी उत्तम’ ही ओळ काढा. ‘तीन बेडरूम, अंगणात मुलांसाठी वाळूचा खड्डा, सामाईक स्वयंपाकघरात आठवड्याला दोनदा एकत्र जेवण’ चालेल. आपल्यात कुणी ‘फक्त मराठी निवृत्तांची वसाहत’ म्हणतं, त्यांच्यासाठी: नियम पाळून 55 वर्षांची अट घालता येते, ‘फक्त मराठी’ची नाही.

‘येतील ते येतील.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. येतात ते आधीच्या सदस्यांचे मित्र, मग त्या मित्रांचे मित्र. घरं उभी राहीपर्यंत वर्षानुवर्षं शनिवार-रविवारच्या बैठका चालतात. ज्याची ड्युटीच शनिवारी, किंवा ज्या आईला मूल ठेवायला कुणी नाही, ती माणसं तिसऱ्या बैठकीपर्यंत गळतात. बैठकीची वेळ बदला, शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय करा, पत्रक स्पॅनिशमध्येही छापा आणि ज्या चर्चमध्ये, देवळात, वाचनालयात तुमचं कुणी जात नाही तिथे लावा. किमतीचा प्रश्न मात्र पत्रकाने सुटत नाही. त्यासाठी लहान आणि भाड्याची घरं नकाशा पक्का होण्याआधीच आराखड्यात धरावी लागतात.