'आपोआप' या शब्दाबद्दल

नमस्कार. विषाणूचे सुटे भाग पेशीत 'आपोआप जुळतात आणि आपोआप बाहेर पडतात', असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचा आक्षेप असा, की विटांचा ढीग ओतून घर उभं राहत नाही. गवंडी म्हणजे पेशी, आणि तिचं श्रेय मी गाळलं. यातलं अर्धं मला मान्य आहे.

आधी न पटलेलं सांगतो. १९५५ साली अमेरिकेत बर्कलीला फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या मोझॅइक विषाणूचं प्रथिन आणि आरएनए (त्याची जनुकीय माहिती वाहणारा रेणू) वेगळे केले, मग पुन्हा एकत्र मिसळले. तिथे पेशी नव्हतीच. तरी काडीसारखे विषाणू तयार झाले आणि तंबाखूच्या पानांना त्यांची लागण झाली! एका काडीत एकाच प्रथिनाच्या सुमारे २१३० प्रती आरएनएभोवती मळसूत्रासारख्या बसलेल्या असतात. वीटच अशी घडलेली, की शेजारणीला ती एकाच कोनात बिलगते.

आता एचआयव्ही. त्याचा कण ज्यापासून बनतो त्या गॅग प्रथिनाच्या एका टोकाला चरबीची छोटी शेपटी असते (ती जोडतं पेशीचंच एन्झाइम, हेही राहिलं होतं). ही शेपटी पेशीपटलात आतून रुतते. दुसऱ्या टोकाकडचा भाग विषाणूचा आरएनए धरतो, मधला भाग शेजारच्या गॅगला. सहा-सहांची कडी जुळत जातात, दोनेक हजार रेणू जमतात आणि पटलाला बाहेरच्या बाजूला फुगवटा येतो.

पण तो देठाशी अडकलेला असतो, आणि देठ कापायचं हत्यार विषाणूकडे नाही. गॅगच्या आरएनए धरणाऱ्या टोकाकडची चार अमिनो आम्लं पेशीच्या टीएसजी१०१ या प्रथिनाला पकडतात. त्यामागोमाग एस्कर्ट, म्हणजे पटल कापणारी पेशीची प्रथिनं, येतात. पेशीविभाजनाच्या शेवटी दोन पेशींमधला दुवा तोडतात तीच ही. ती चार आम्लं बदलली, की बहुतेक कण पेशीलाच लटकून राहतात. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात.

तरी 'विषाणू पेशीच बांधते' ही तुमची दुरुस्ती मी घेणार नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस बघा. एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचं फक्त एल१ हे कवचाचं प्रथिन यीस्टमध्ये बनवतात. यीस्टला या विषाणूची बाधा होत नाही, विषाणूचा डीएनए कणात नसतो, तरी एल१चे पाच-पाचचे गट जुळून पोकळ कवच तयार होतं.

देठाचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला. 'बाहेर पडतात'च्या आधीचा 'आपोआप' काढला; 'जुळतात'च्या आधीचा ठेवला आहे.