आधी वैरण, मग फोन

शनिवार-रविवार पागेचा फोन माझ्याकडे असतो. पागा माझी नाही. एका कुटुंबाची आहे, काका-काकू, मुलगा, सून आणि अकरा घोडे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी तिथे रपेट शिकायला गेले आणि तिथलीच झाले. शिकता शिकता खरारा करायला लागले, मग शेण उचलायला, आणि शेवटी 'तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं ना' म्हणून वेबसाइटवरून येणारे निरोप आणि सुट्टीचा फोन हे दोन्ही माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून लोक पागेशी कसा संपर्क साधतात ते रोज बघतेय. आज त्याबद्दल लिहायचंच असं ठरवलंय. लांबणार आहे, आधीच सांगते.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून. तीन वर्षांपूर्वी मी त्यांची वेबसाइट उघडली. वर घोड्याचा एक तिरका फोटो, खाली वेळापत्रक, एक नंबर आणि 'निरोप पाठवा' असा फॉर्म. फॉर्म भरला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी कामाला निघण्याआधी, सकाळी साडेसहाला, फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. असा सात वेळा केला. आठव्या वेळी एका बाईंनी उचलला, "आत्ता नाही" एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. मी तिथल्या तिथे एक तारा देऊन चार परिच्छेदांचा अभिप्राय ठोकला. 'धंदा करायचा तर बोलायची रीत हवी' वगैरे. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

दोन दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला. सूनबाई होत्या. त्या रात्री एका घोडीला पोटशूळ उठला होता. ज्यांनी घोडा पाळलेला नाही त्यांना या शब्दाची दहशत कळणार नाही. मलाही तेव्हा कळली नव्हती. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की खाली गेलेलं वर येतच नाही. पोटात वायू धरला, आतडं अडलं किंवा पिळलं, तर काही तासांत जनावर हातचं जाऊ शकतं. पोटातला ताण कमी करायला डॉक्टरांना नाकातून नळी घालावी लागते. माझा आठवा फोन वाजला तेव्हा डॉक्टर नळी घालत होते आणि सूनबाईंनी घोडीचं डोकं धरलं होतं. घोडी वाचली. मी संध्याकाळी अभिप्राय काढून टाकला. त्यांनी तो वाचला होता का, हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

तर, कुटुंबाच्या पागेला 'ऑफिस' नसतं. ज्याच्या हातात फावडं, त्याच्याच खिशात फोन. एक मोठा घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो. अकराने गुणून बघा आणि मग सकाळी सातला कोणी फोन का उचलत नाही ते मला विचारा. घोड्याच्या जठरात एका वेळी फार काही मावत नाही, पण आम्ल मात्र दिवसरात्र पाझरत असतं. पोट फार वेळ रिकामं राहिलं तर आत जखमा होतात. म्हणून उठल्याबरोबर आधी वैरण, मग पाणी, मग बाकी जग. पाणीही एकेकाला दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर. उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी आणखी. फोन करायचा तर दुपारी करा, घोडे खाऊन एक मागचा पाय सैल सोडून पेंगत असतात तेव्हा. तरी उचलला नाही तर एक निरोप लिहून ठेवा. सात वेळा वाजवू नका. रिकामा झालेला हात आधी निरोपच बघतो.

आता निरोपात काय लिहायचं? मला येणाऱ्या दहातल्या आठ निरोपांत एकच ओळ असते, 'हॉर्स रायडिंगची माहिती द्या'. कसली माहिती? कोणाला, किती वर्षांच्या, आधी कधी बसलेल्या, कशासाठी? कुणाला आठवड्यातून दोनदा शिकायचं असतं, कुणाला मुलाच्या वाढदिवसाला एक फेरी हवी असते, कुणाला स्वतःचा घोडा ठेवायला जागा हवी असते. या तीन गोष्टींची उत्तरं इतकी निराळी आहेत की एकाला दिलेलं दुसऱ्याच्या काही कामाचं नाही.

वय, उंची आणि वजन लिहा. वजन खरं लिहा, हे खास सांगावं लागतं, कारण फोनवर लोकांचं वजन पाच ते दहा किलोंनी कमी होतं. एक ढोबळ हिशेब बहुतेक पागांमध्ये पाळतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जायचं नाही. साडेचारशे किलोंचा घोडा असेल तर सगळं मिळून नव्वद. त्यातही घोड्याचं वय, पाठ, स्वाराची मांड किती स्थिर आहे, हे सगळं बघून तो आकडा आणखी खाली येतो. तुमच्या लाजेपायी कमी झालेले आठ किलो शेवटी एका पाठीवर जाऊन बसतात, आणि त्या पाठीला फोनवर बोलता येत नाही. शिवाय तुमच्या वजनाचं तिथे कुणालाही काही पडलेलं नसतं. काका घोड्यांकडे बघतात, माणसांकडे बघायला त्यांना फुरसत नाही.

'येतं का?' हा दुसरा प्रश्न. याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो, थोडंफार' असं येतं. खोलात गेल्यावर कळतं की कुठल्यातरी सहलीत कुणीतरी लगाम धरून चालवलेल्या घोड्यावर दहा मिनिटं बसलं होतं आणि फोटो काढला होता. ते बसणं झालं. दुडक्या चालीत रिकिबीवर, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीवर, उठता येतं का, चौखूर गेलेला घोडा हळू आणता येतो का, शेवटचं कधी बसला होतात, हे सांगा. पडला असाल तर तेही सांगा. भीती वाटत असेल तर तर नक्कीच सांगा. घोड्याला ती तुम्ही सांगायच्या आधी कळते, पण त्याला कळेपर्यंत तुम्ही त्याच्यावर बसलेले असता.

वेबसाइटवर घोड्यांची ओळख असते तिथे एक गंमत आहे, ज्यात मी स्वतः फसले होते. उंची 'हात' या मापात देतात आणि एक हात म्हणजे चार इंच. '15.3' असं लिहिलेलं असतं तो दशांश नाही. पंधरा हात आणि तीन इंच, म्हणजे त्रेसष्ट इंच, साधारण 160 सेंटिमीटर. तेही खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. 15.3 च्या पुढे 15.4 येत नाही, थेट 16 येतं. कुठे '15.6' लिहिलेलं दिसलं तर समजा की ते पान घोडेवाल्याने लिहिलेलं नाही. 14.2 पर्यंत सर्वसाधारणपणे पोनी धरतात. मुलासाठी 'लहानसा घोडा' हवा असेल तर नजर तिथे ठेवा, पण लहान म्हणजे शांत असं अजिबात नाही. आमच्याकडचा सर्वांत वात्रट प्राणी सर्वांत बुटका आहे.

आता माझं खरं मत, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ज्या पागेच्या वेबसाइटवर तारीख निवडा, पैसे भरा, या, एवढंच आहे आणि मध्ये एकही प्रश्न नाही, तिथे मी माझ्या भाचीला पाठवणार नाही. लोकांना ती सोय वाटते. मला उलटं वाटतं. समोरचा कोण आहे, किती जड आहे, किती घाबरट आहे हे न विचारता जे त्याला घोडा देतात, ते घोड्यालाही काही विचारत नसणार. त्या दिवशी सूनबाईंनी मला फोनवर वीस मिनिटं प्रश्न विचारले होते. पाठदुखी आहे का, चष्मा आहे का, धनुर्वाताची लस कधी घेतली होती (पागेची माती आणि धनुर्वात यांचं जुनं सख्य आहे), टाचेचे बूट आहेत का. बुटांना टाच कशाला, तर पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू नये म्हणून. अडकलेल्या पायाने माणूस फरफटत जातो. सायकलचं हेल्मेट चालेल का असं मी विचारलं तर त्या हसल्या. घोडेस्वारीचं हेल्मेट डोक्यामागे खालपर्यंत येतं, त्याची चाचणीही वेगळी असते, आणि एकदा आपटलं की ते वरून धड दिसत असलं तरी बदलायचं. मला तेव्हा वाटलं होतं, किती चौकशा! आता मी स्वतः त्याच चौकशा करते आणि पलीकडचा माणूस उसासे टाकतो तेव्हा मला मागची मीच ऐकू येते.

फोटो बघायलाही शिका. मावळतीच्या उन्हातली उडती आयाळ कुणीही काढून देतं. खूर बघा. पुढून फुटलेले, चपटे पसरलेले खूर म्हणजे नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, वेळेवर येत नाही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या खांद्यावर, खोगीर बसतं तिथे, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात का? तिथे कधीतरी न बसणाऱ्या खोगिराने घासलेलं आहे. ठिपके जुन्या मालकाकडचेही असू शकतात, म्हणून लगेच दोष देऊ नका, पण विचारा. सगळे फोटो खोगीर चढवलेल्या घोड्यांचे आहेत की काही नुसते मोकळे, एकमेकांशेजारी चरणारेही आहेत? घोडा कळपातला प्राणी आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, हे कोडं आपण लहानपणी घातलेलं असतं आणि न फिरवल्याने हे उत्तरही पाठ असतं, पण चोवीस तास कोंडलेल्या घोड्याचा फोटो बघून आपण 'काय रुबाबदार!' म्हणतो.

पागेची बाजू घेऊन मी बोलतेय खरी, पण आमच्या मंडळींचेही कान धरायला हवेत. आमच्या वेबसाइटवर कित्येक महिने असा घोडा होता जो आता या जगात नाही, आणि मुलं त्यालाच भेटायला यायची. फॉर्ममधून येणारे निरोप दोन वर्षं स्पॅममध्ये जात होते, माझाही तिथेच होता. नकाशावरचा ठिपका मागच्या कुंपणापाशी नेऊन सोडायचा. नालबंदाच्या दिवशी वर्ग नसतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक, वेबसाइटला नाही. मी सांगितलं की वेबसाइट घासायला ब्रश लागत नाही, बसून दहा मिनिटं लागतात. काका म्हणाले, "बसून?" त्यांना तो शब्दच अनोळखी वाटला. शेवटी मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, 'फोन दुपारी करा, बाकी वेळी निरोप ठेवा, रात्रीपर्यंत उत्तर येईल'. सकाळचे फोन निम्म्यावर आले. सांगितलं की लोक ऐकतात. सांगायलाच कुणी नव्हतं.

स्वतःचा घोडा ठेवायला देणाऱ्यांचं प्रकरण वेगळंच आहे, त्यावर कधीतरी सवडीने. एवढंच सांगते की पहिले दोन-तीन आठवडे घोड्याला वेगळं बांधू म्हटल्यावर रागावू नका. नवा घोडा कुठला ताप, कुठली गळूची साथ घेऊन येईल सांगता येत नाही. लसीचे, जंताच्या औषधाचे कागद न मागता जागा देणारी पागा तुमच्या शेजारच्या घोड्याचेही कागद न मागता त्याला आत घेते.

पैसे भरायच्या आधी एकदा नुसतं बघायला जाऊ का असं विचारा. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपला. हो म्हणाले तर ठरल्या वेळी जा, मुलांना पळू देऊ नका, आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. त्याचे डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. माणसं नेमकी त्या दोन ठिकाणी जाऊन उभी राहतात. एक थोपटायला, दुसरा फोटो काढायला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सूनबाईंनी शेवटी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" माझी यादी तयार होती, वर्ग किती, सुट्ट्या किती, पाऊस आला तर काय. ती बाजूला राहिली आणि मी विचारलं, "म्हातारे झालेले घोडे कुठे जातात?" घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो, आणि शिकवण्याचं काम त्याआधी बरंच संपलेलं असतं.

त्या काही बोलल्या नाहीत. मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे झाडाखाली एक पांढरी घोडी उभी होती, डोळ्यांवर खळगे पडलेले, पाठ मधोमध खाली गेलेली. काकू तिला भिजवून मऊ केलेली चंदी भरवत होत्या. दात राहिले नव्हते तिला. "हिने माझ्या नवऱ्याला शिकवलं," सूनबाई म्हणाल्या, "आणि मग मला." वेबसाइटवर तिचा फोटो कुठेच नव्हता. मी विचारलं, का नाही? तर म्हणाल्या, "तिच्यावर कुणी बसणार थोडंच आहे."

मागच्या महिन्यात मी तो फोटो टाकला.