घेऊ का? घेऊ का?

कॉम्प्युटर गेमचा सेल लागला की आमच्या बेळगावच्या अनगोळातल्या पोरांचा घोशा सुरू. "भावा, बाल्डर्स गेट ३ घेऊ काय? आधीचे दोन खेळलो नाय की!" अरे, दुसरा आला २००० साली, तिसरा २०२३ साली. गोष्टीतसुद्धा मधे शंभरावर वर्षं उलटलीत. जुन्या भानगडी माहीत नसल्या तरी काही अडत नाही. कितीदा सांगायचं?

विचारायचं ते कुणी विचारत नाही. डिस्कवर १५० जीबी जागा आहे का? परवा माझं डाउनलोड ९१ टक्क्यांवर आणि लाईट गेली. बसलो अंधारात कुंदा खात.

बरं, दोन तासांच्या आत खेळ थांबवला तर पैसे परत म्हणे. आमच्या धाकट्याचे दोन तास पात्राची शिंगं नि केसांचा रंग ठरवण्यातच गेले! आणि लढाई? एकेकाची पाळी येईपर्यंत थांबा, वीस बाजूंचा फासा टाका. आरपीडी चौकातल्या सिग्नलला ज्याला अर्धा मिनिट धीर धरवत नाही, त्यानं हा खेळ घेऊच नये.

एवढं डोकं खाऊन काल त्या "घेऊ काय" विचारणाऱ्यानं घेतला काय? क्रिकेटचा गेम!