‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के’: हा तक्ता खोटा आहे

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच तक्ता पुन्हा फिरायला लागतो. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, स्वतः केलेलं ९०. खाली सल्ला असतो: मुलाची शिकण्याची शैली (पाहून, ऐकून की करून) ओळखा, ॲनिमेशनवालं ॲप घ्या, मूल जितका वेळ ॲपवर बसेल तितकं शिकेल. हे वाचून नंदनवनपासून हिंगण्यापर्यंत लोक वर्षाची फी एकरकमी भरतात. मी सहावीला गणित शिकवते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी आकडे. एडगर डेल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला. प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकवण्याच्या साधनांची ती मांडणी होती. त्यात टक्का एकही नव्हता. टक्के नंतर दुसऱ्यांनी चिकटवले. काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता ‘१० टक्के’ म्हणण्याला अर्थच नाही.

शिकण्याच्या शैलीचं तर लवकर आटपतं. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो, कवितेची चाल सगळ्यांनाच ऐकावी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो तिसरा दावा: ॲपवर वेळ गेला म्हणजे शिकणं झालं. अपूर्णांकांचा सुंदर व्हिडिओ पाहून आलेल्या मुलाला ३/८ + १/४ द्या. बरीच मुलं ४/१२ लिहितात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ॲप काय करतं? लाल फुली, ‘पुन्हा प्रयत्न करा’. मूल दुसरा पर्याय दाबतं, मग तिसरा. चांदण्या उडतात आणि पालकांच्या फोनवर ‘अपूर्णांक पूर्ण’ असा निरोप येतो. मुलाच्या डोक्यातली चूक मात्र जिथल्या तिथे. ४/१२ म्हणजे १/३, आणि ते ३/८ पेक्षाही लहान आहे. मिळवल्यावर उत्तर कमी कसं झालं, हा प्रश्न त्या क्षणी विचारायला हवा. मुलाला आधीपासून काय वाटतं ते धरून पुढे जायचं, हे शिक्षणाच्या सिद्धांतांचं मूळ आहे, आणि ॲप बनवणाऱ्याने तिथेच मेहनत घ्यायला हवी.

व्हिडिओ पाहताना ‘समजलं’ असं वाटतं, हाही धोकाच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा चारदा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पडद्यावर लगेच घेतलेली चाचणी म्हणूनच फसवते.

यावर कोणी म्हणेल, मग स्क्रीनच नको. तसं नाही. नुसतं यंत्र पुरत नाही, एवढंच. पेरूमध्ये शाळांना लॅपटॉप वाटले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत शाळेनंतर संगणकावर शिकवणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिला होता, त्यामुळे तुलना न्याय्य होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलं स्पष्ट पुढे गेली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि सॉफ्टवेअर त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीवरचं गणित देत होतं. शिवाय रोजच्या ९० मिनिटांपैकी ४५ मिनिटं माणूस शिकवत होता. जाहिरातीत ही दुसरी ४५ मिनिटं कधीच दिसत नाहीत.

घरी डेमो द्यायला कोणी आलं तर त्याला एवढंच सांगा: व्हिडिओ आज दाखवा, आणि त्याच धड्यावरची, ॲपमध्ये नसलेली पाच गणितं आठ दिवसांनी आमच्या पोराला कोऱ्या कागदावर द्या. पैशांचं त्यानंतर बोलू.