रशियातल्या एकाच नावाच्या गावांचा फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊन

"रशियात एकाच नावाची शेकडो गावं का आहेत माहितीये?" असा एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर एका आठवड्यात तीनदा आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सोव्हिएत सरकारने मॉस्कोत बसून नावांची यादी काढली आणि देशभर वाटली, 'क्रास्नी' (म्हणजे लाल) असलेलं गाव म्हणजे कम्युनिस्टांचं, अलेक्सांद्रोव्का म्हणजे झार अलेक्झांडरचं, या सगळ्या घोळात पत्रं कुठल्या कुठे जायची, आणि एकूण काय तर रशियन लोकांना डोकं कमी. गावं शेकड्याने आहेत हे खरंय, अलेक्सांद्रोव्का, मिखाइलोव्का, बेर्योझोव्का हवी तेवढी सापडतील. बाकीचं मात्र बघू.

आधी ती यादी. जुन्या रशियात चर्च असलेलं गाव म्हणजे 'सेलो' आणि चर्च नसलेली ती 'देरेव्न्या', आणि सेलोला बऱ्याचदा चर्चचंच नाव पडायचं. संत निकोलाचं चर्च असलं की निकोल्स्कोये, त्रिमूर्तीचं म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं असलं की त्रोइत्स्कोये, मेरीच्या पोक्रोव सणाचं असलं की पोक्रोव्स्कोये. आता निकोला म्हणजे तिकडचा सगळ्यात लाडका संत, त्याची चर्चं गावोगाव, मग निकोल्स्कोये पण गावोगाव. बोल्शेविक, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट, संतांच्या नावाने गावं वसवत बसले होते असं म्हणायचंय का?

अलेक्सांद्रोव्काचं पण तसंच. काही गावं झारच्या मानासाठी आहेत, नाही असं नाही, पण खूपशी नावं जमीनदाराची, नाहीतर त्याच्या मुलाची. अमक्याचं गाव म्हणून ओव्का लावलं, झालं. गंमत म्हणजे एक अलेक्सांद्रोव्का पक्की झार अलेक्झांडर पहिल्याच्या आठवणीत वसवलेली आहे, आणि ती जर्मनीत आहे, पॉट्सडॅमला! प्रशियाच्या राजाने 1826-27 मध्ये आपल्याकडच्या रशियन गायक सैनिकांसाठी लाकडी घरांची ती वस्ती बांधली.

आता डोकं कमी असण्याचा मुद्दा, याचा मला खरा राग आला. 'बेर्योझा' म्हणजे बर्चचं झाड, 'कामेन' म्हणजे दगड. बर्चच्या काठाने जाणारा ओढा तो बेर्योझोव्का, दगडगोट्यांतून वाहणारा तो कामेन्का, आणि काठावर वस्ती झाली की ओढ्याचंच नाव तिला. किंवा 'पोचिनोक' घ्या, मला सगळ्यात आवडलेलं नाव. एखादं कुटुंब कुऱ्हाड घेऊन जंगलात शिरायचं, झाडं तोडायची, जाळायची, त्या राखेत पेरायचं, एकदोन घरं उभी करायची, आणि त्या जागेला म्हणायचं पोचिनोक, म्हणजे सुरुवात, नवी पेरणी असं काहीतरी. उत्तर रशियात असे पोचिनोक ढिगाने आहेत कारण अशी सुरुवात करणारी माणसं ढिगाने होती. आणि नाव कशासाठी हवं होतं, तर आठवड्याच्या बाजारात "कुठला रे तू" विचारल्यावर सांगायला. पलीकडच्या गावाहून वेगळं असलं की बास, दोन हजार किलोमीटरवर दुसरी कामेन्का आहे का हे बघायचं त्याला काय पडलंय? आपल्याकडे वडगावं किती आहेत मोजा एकदा, पिंपळगावं मोजा, मग बोलू.

आणि जवळपास दोन झालीच तर त्यांनीही आपल्यासारखंच केलं. आपलं बुद्रुक-खुर्द तसं त्यांचं बोल्शोये-मालोये, मोठं-धाकटं. वरचं-खालचं, जुनं-नवं हेही आहेच. लेखक तुर्गेनेव्हचं गाव स्पास्कोये-लुतोविनोवो: स्पास्कोये चर्चवरून, आणि लुतोविनोवो त्याच्या आईच्या माहेरच्या आडनावावरून, म्हणजे कुठलं स्पास्कोये हा प्रश्नच मिटला.

नावं प्रवासही करतात. जुनं रोस्तोव यारोस्लाव्हलच्या बाजूला, 862 सालापासून उल्लेख असलेलं. तिथला एक बिशप पुढे संत झाला, दिमित्री रोस्तोव्स्की, त्याच्या नावाने हजार किलोमीटरच्या वर दक्षिणेला 18व्या शतकात किल्ला बांधला आणि त्यातून झालं दोन नदीवरचं रोस्तोव. (दोन हे नदीचं नाव आहे, आकडा नाही.)

'क्रास्नी' आज लाल हे बरोबर, पण जुन्या रशियनमध्ये त्याचा अर्थ सुंदर. मॉस्कोच्या रेड स्क्वेअरचं ते नाव 17व्या शतकातलं, क्रास्नोयार्स्कचा किल्ला 1628 चा. लेनिनच्या आजोबांचाही तेव्हा पत्ता नव्हता.

हां, सोव्हिएत काळात भर पडली हे मात्र मान्य. ओक्त्याब्रस्की (ऑक्टोबर क्रांतीवरून), पेर्वोमाइस्की (एक मेवरून), लेनिन-कीरोव अशा नेत्यांची नावं, ही खरंच वरून आली आणि त्यात त्यांनी पण घोळ घातला. जर्मनांकडून घेतलेल्या क्योनिग्सबर्ग शहराचं, कालिनिन या नेत्यावरून, कालिनिनग्राद केलं 1946 मध्ये, आणि मॉस्कोजवळ एक कालिनिनग्राद 1938 पासून होतंच! ते पुढे 1996 मध्ये कोरोल्योव झालं, म्हणजे पन्नास वर्षं एका देशात दोन कालिनिनग्राद.

टपालाचं सांगतो. पत्ता आधी प्रांत, मग जिल्हा, मग गाव, शेवटी माणूस असा मोठ्याकडून लहानाकडे लिहायची पद्धत होती, त्यामुळे नुसतं 'मिखाइलोव्का' असं कोणी लिहीतच नव्हतं. 1971 मध्ये सहा आकडी कोड आला, पाकिटाच्या कोपऱ्यात ठिपक्यांचे चौकोन छापलेले असायचे, त्यावर ठरलेल्या वळणात आकडे गिरवायचे म्हणजे मशीनला वाचता येतील. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1972 ला, आपला पिनकोड आला, तोही सहा आकडी, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच, वर संस्कृतचे पंडित. सारख्या नावांची गावं हे पिनकोडमागचं एक कारण होतं.

आणि सरकारी माणूस खरंच यादी घेऊन बसला की काय होतं ते बघायचं तर चेल्याबिन्स्क प्रांतात जा. तिथे 1840 च्या दशकात कोसॅक, म्हणजे झारच्या सीमेवरच्या घोडेस्वार, सैनिकांची ठाणी वसवली, सुरुवातीला नुसते नंबर, मग नेपोलियनविरुद्धच्या लढायांच्या आठवणीने नावं दिली: पॅरिस, बर्लिन, लाइपझिग. पॅरिस अजून आहे, गावच आहे ते, आणि तिथला मोबाईल टॉवर आयफेल टॉवरच्या आकाराचा आहे.