‘खाजेची ट्यूब द्या हो एक’

मेडिकलच्या काउंटरवर माणूस पँटचा पाय वर करतो आणि म्हणतो, ‘हे बघा हो, काय झालंय.’ काउंटरमागचा पोरगा लांबूनच मान डोलावतो. त्वचेचा डॉक्टर भिंग लावून, वेळ पडली तर खपली खरवडून, तपासून जे ठरवतो, ते याला चार फुटांवरून दोन सेकंदांत कळलेलं असतं. हात मागे जातो, ट्यूब पुढे येते. ‘सकाळ-संध्याकाळ लावा, दोन दिवसांत फरक.’ किती लावायचं? थोडं थोडं. किती दिवस? बरं वाटेपर्यंत. कुठं लावायचं नाही? हा काय प्रश्न झाला, मलमच तर आहे, खाजेल तिथं लावायचं!

आणि डोकं फिरतं ते यामुळे की दोन दिवसांत खरंच फरक पडतो. पडणारच. ट्यूबमध्ये क्लोबेटासोल असतं, कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांमधल्या सगळ्यात जहाल गटातलं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते. शरीराची प्रतिकाराची धडपड दाबतं, म्हणून खाज थांबते. पण ती खाज गजकर्णाची असेल तर लाली आणि खाज हीच शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते. राखणदाराला झोपेची गोळी देऊन ‘बघा, आता आरडाओरडा नाही’ म्हणण्यातला हा प्रकार. बुरशी तिथंच असते, आता निवांत पसरते. आठवड्यानं मलम थांबवलं की दुप्पट खाज. परत मलम. मग गोल कडा पुसट होते, चट्ट्यात चट्टा उगवतो, जांघेतून मांडीवर, मांडीवरून कंबरेवर. शेवटी डॉक्टरकडे गेल्यावर त्यालाही पटकन ओळखता येत नाही, इतकं त्याचं रूप बदललेलं असतं. या बदललेल्या रूपाला वैद्यकात १९६८ पासून वेगळं नाव आहे. म्हणजे ही गोष्ट कालपरवा कळली, अशातला भाग नाही.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. एक स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक आमांशावरचं औषध आणि एक बुरशीवरचं. आमांशावरचं औषध जांघेतल्या गजकर्णाला कशाला, हे विचारून दाखवा कुणाला तरी. उत्तर एवढंच की निदान करायचे कष्ट नकोत. चारातलं एक तरी लागू पडेल! लागू पडतं ते स्टिरॉइड, तेही वरवर. बाकीची तिघं नुसती हजेरी लावतात आणि जंतूंना औषधाची सवय करून देतात. आज आपल्याकडे असं गजकर्ण फिरतंय ज्याच्यावर टर्बिनाफिन नीट चालत नाही. त्या बुरशीला २०२० मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं आणि त्या नावात ‘इंडो’ आहे. घ्या, जगाला आपली देणगी. त्यामागच्या कारणांत या खिचडी मलमांचं नाव तज्ज्ञ वारंवार घेतात.

कायदा नाही असं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारनं मलमांमधली चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषधी मिश्रणांवर बंदी आली, त्यात या जातीची काही मलमंही होती. ट्यूबच्या कडेला लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. त्या रेघेचा काउंटरवर काडीचा उपयोग नाही. बिस्किटाचा पुडा आणि क्लोबेटासोल एकाच सहजतेनं पुढे सरकवलं जातं.

बरं, नावं वाचायची तरी कशी, तर निदान शेपूट बघा. घटकाचं नाव ‘सोन’, ‘सोल’, ‘ओनाइड’ असं संपत असेल तर बहुतेक वेळा स्टिरॉइड: बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, डेसोनाइड. बुरशीवरची बरीचशी ‘नाझोल’नं संपतात. दुसरी फसगत टक्क्यांची. हायड्रोकॉर्टिसोन (हेही स्टिरॉइडच, पण सौम्य) १ टक्का आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के असं दिसलं की लोक दुसरं सौम्य समजून बाळाला लावतात. उलट आहे! ते ०.०५ टक्केवालं कित्येक पटींनी कडक. टक्के फक्त एकाच औषधाच्या दोन ट्यूबा शेजारी ठेवून बघायचे असतात. तिसरी फसगत ब्रँडच्या नावामागच्या अक्षरांची. ‘जीएम’ असेल तर सहसा जेंटामायसिन आणि मायकोनाझोल मिसळलेलं, ‘एन’ असेल तर निओमायसिन, ‘एस’ असेल तर सॅलिसिलिक ॲसिड. डॉक्टरांनी साधं लिहिलं, दुकानात ते नव्हतं, ‘हेच आहे हो, तेच’ म्हणून ‘एस’वालं दिलं. ते तळपायाच्या जाड कातडीसाठी. ते गालावर चोळल्यावर काय होणार? आणि निओमायसिनची स्वतःचीच ॲलर्जी कित्येकांना येते. मग इसब बरं होत नाही म्हणून तेच मलम आणखी चोळत बसतात.

आता जागेचं बघू, कारण इथं खरा अनर्थ होतो. कातडी सगळीकडे सारखी नसते. १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन लावून मोजलं होतं: हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शरीरात शिरतं ते एक धरलं, तर कपाळावरून सहापट, जबड्यावरून तेरापट आणि अंडकोशाच्या कातडीतून बेचाळीसपट. तळपायातून सातवा हिस्सासुद्धा जेमतेम. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चोळलं जातं कुठं? जांघेत आणि तोंडावर! जिथं कातडी कातडीला चिकटते, घाम साचतो, वरून घट्ट जीन्स, तिथं औषध आणखीच आत जातं. जांघेत, काखेत महिनोन् महिने क्लोबेटासोल चोळल्यावर जांभळट भेगांसारखे पट्टे उठतात. ते फिके होतात, पण जन्मात जात नाहीत. वीस वर्षांच्या पोरांच्या मांड्यांवर हे पट्टे दिसतात, आणि कारण काय, तर हॉस्टेलमध्ये एक ट्यूब सगळ्यांत फिरत होती. बाळाच्या डायपरखालीही तेच: प्लॅस्टिकचं आवरण घातल्यासारखं होतं आणि औषधाचा जोर वाढतो. पापणीवर दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

पण सगळा राग दुकानदारावर काढून भागत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं काय? ‘एल/ए, बीडी’, म्हणजे ‘वरून लावा, दिवसातून दोनदा’, असं खरडायचं आणि पुढचा पेशंट बोलवायचा. पोटात घ्यायची गोळी असती तर किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं लिहिलं असतं. मलमाला मात्र ‘लावा’. अरे, किती?

माप आहे ना, १९९१ पासून आहे, फुकट आहे, प्रत्येकाच्या हातात आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेघेपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक सलग रेघ काढायची. हे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात ठेवले तर जेवढी जागा झाकते तेवढ्या जागेला ते पुरतं. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, एक हात खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, पंजा दोन्ही बाजूंनी एक, एक पाय सहा, पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ ढुंगणासकट सात. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड पेर, एक हात पंजासकट दीड, एक पाय पावलासकट दोन. आणि पेर मोठ्या माणसाचंच मोजायचं, मुलाचं नाही.

आता हिशोब करा. दोन्ही पायांना गुडघ्याखाली इसब आहे. एका पायाला तीन पेरं, दोन्ही मिळून सहा, म्हणजे दिवसाला तीन ग्रॅम. दोन आठवड्यांना बेचाळीस ग्रॅम. आणि चिठ्ठीवर काय? पंधरा ग्रॅमची एक ट्यूब, ‘१५ दिवस’. ती पाचव्या दिवशी संपायला हवी. पेशंट बिचारा पुरवून पुरवून लावतो, इसब अर्धवट दबतं, परत उठतं, आणि निष्कर्ष निघतो की औषध लागू पडत नाही, जरा कडक द्या. मग कडक मिळतं. हे असं वर चढत जाणं थांबवायला फक्त एक गुणाकार लागत होता.

बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं. दोनदा लावल्यानं दुप्पट गुण येत नाही. आंघोळीनंतर आधी मॉइश्चरायझर लावलं तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, मग स्टिरॉइड, फक्त लाल खाजऱ्या जागेवर. दोन्ही एकत्र कालवायची नाहीत, औषध पातळ होतं आणि नको तिथं पसरतं. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला तेलकट ऑइंटमेंट, ओल्या पाझरणाऱ्याला क्रीम, डोक्याला लोशन. एकाच औषधाचं ऑइंटमेंट सहसा क्रीमपेक्षा जोरकस पडतं, हे बदली देताना कुणी सांगत नाही. चेहऱ्यावर, जांघेत, काखेत सौम्यच, तेही पाच-सात दिवस. क्लोबेटासोल तळहात-तळपाय, जुनाट जाड चट्टे यांच्यासाठी, सलग दोन आठवड्यांच्या वर नाही आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमच्या वर नाही. वर पट्टी किंवा प्लॅस्टिक गुंडाळायचं नाही, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय. लावून झालं की हात धुवायचे, हातालाच लावलं नसेल तर.

आणि गजकर्ण असेल तर यातलं काहीच नको. फक्त बुरशीवरचं औषध, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि दिसेनासं झाल्यावरही किमान दोन आठवडे. खात्री नसेल तर चट्टा खरवडून केओएच तपासणी होते, म्हणजे खपलीत बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तिला ना फार वेळ लागतो ना फार पैसा. घरात अजून कुणाला असेल तर त्याचाही इलाज एकाच वेळी, टॉवेल वेगळे, कपडे उन्हात वाळवायचे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे बोलणं सोपं आणि करणं अवघड, हे कबूल. निदान ओली अंतर्वस्त्रं अंगावर वाळवू नका, इस्त्री फिरवा.

या सगळ्याचा एक उलटा वेडेपणाही आहे, त्याचा राग वेगळा. बाळाला खरंखुरं इसब आहे, रात्रभर ओरबाडतंय, रक्त काढतंय, डॉक्टरांनी विचार करून हायड्रोकॉर्टिसोन दिलंय, आणि आजी, मावशी, व्हॉट्सॲप सगळे मिळून आईला घाबरवतात: ‘स्टिरॉइड? नको गं बाई!’ मग ट्यूब कपाटात आणि बाळाला खोबरेल. हीच माणसं स्वतःच्या गजकर्णाला मात्र क्लोबेटासोल बिनदिक्कत लावतात, कारण त्याला ते ‘खाजेचं मलम’ म्हणतात. योग्य जोराचं, योग्य जागी, मोजून, ठरलेले दिवस लावलं तर स्टिरॉइडचं मलम सुरक्षित आहे. १९५२ पासून वापरात आहे. ओरबाडून ओरबाडून जाड झालेली, जंतू शिरलेली कातडी त्यापेक्षा नक्कीच वाईट.

राहता राहिला चेहरा. वांगावर दिलं जाणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिहेरी क्रीम ठरावीक आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. आपल्याकडे ते ‘गोरं करायचं नाइट क्रीम’ म्हणून लग्नाआधी सुरू होतं आणि पोरगं शाळेत जाईपर्यंत चालतं. मैत्रीण सांगते, पार्लरवाली सांगते, कधी तर बिनलेबलच्या डबीत भरून देते. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ, बारीक लाल शिरा, मुरुमं, गालावर लव, उन्हात गेलं की आग. बंद केलं तर काही दिवसांत चेहरा लालबुंद होऊन जळायला लागतो, म्हणून बंद करता येत नाही. यालाच लोक समजतात की हे क्रीम मला ‘सूट’ होतं.

असं महिनोन् महिने लावलं असेल तर रागाच्या भरात एका दिवसात फेकून देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ते सौम्य स्टिरॉइडवर आणून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं उतरवतील, किंवा सरळ थांबवून टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं दुसरं काही देतील. ते चेहरा बघून ठरतं. चेहरा भडकण्याचे दिवस तरीही येतात, आठवडे जातात, कधी महिने. तेव्हा फेशियल नको, ब्लीच नको, लिंबू-हळद नको, फक्त साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आणि जाताना ट्यूब घेऊन जा, रिकामी असली तरी, डबी असली तरी. ‘एक पांढरं क्रीम लावत होते’ एवढ्यावरून किती जोराचं औषध किती दिवस आत गेलं हे कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही, आणि ते कळल्याशिवाय उतरवायला कुठून सुरुवात करायची हेही ठरत नाही.